बदली क्वार्टरबॅक

राजन टिपणीसने मॅनेजरच्या टेबलावरचा संगणक दोन्ही हातांनी धरून उलट्या बाजूला फिरवला, कीबोर्ड ओढून घेतला आणि तो पाहुण्यांच्या खुर्चीत बसून कामाला लागला. टेबलापलीकडे मॅनेजरची काळी, उंच पाठीची खुर्ची रिकामी होती. केबिन त्याच्या ताब्यात येऊन आज एकोणीस दिवस झाले होते. किल्ली त्याच्या खिशात होती, एसी त्याने चोवीसवर लावला होता, भिंतीवरचं कॅलेंडरही त्यानेच पुढच्या महिन्यावर आणलं होतं. त्या खुर्चीत मात्र तो एकदाही बसला नव्हता. ते बरं दिसलं नसतं, असं त्याचं मत होतं.

अबू धाबीच्या मुसफ्फामधली ही कंपनी इमारतींना लिफ्ट बसवते आणि बिघडल्या की दुरुस्त करते. कोणती टीम कुठल्या इमारतीवर धाडायची हे ऑपरेशन्स मॅनेजरने ठरवायचं असतं. राजन अकरा वर्षं त्या मॅनेजरचा डेप्युटी होता. तेवढ्या काळात पाच मॅनेजर आले नि गेले, शेवटचा मँचेस्टरचा, तो गेल्या महिन्यात जास्त पगारावर रियाधला गेला. दर दोघांच्या मधल्या काळात राजन 'ॲक्टिंग मॅनेजर' असे. नवरदेव येईपर्यंत घोडा धरून उभा राहणारा एक माणूस असतो, तसा. नवा आला की राजन त्याला सगळं समजावून देई, किल्ली देई आणि आपला चहाचा कप उचलून बाहेरच्या टेबलाशी परत येई. त्याचं काम चोख होतं याबद्दल कंपनीत दुमत नव्हतं. ते चोख होतं म्हणूनच त्याला तिथून हलवावं असं कोणाला वाटत नव्हतं.

फोन वाजला. दुबई मरीनातल्या एका टॉवरची लिफ्ट बाविसाव्या मजल्यावर अडकली होती. आत कोणी नव्हतं, पण खाली लॉबीत माणसं ताटकळली होती. सर्वांत जवळची टीम अल बर्शात होती आणि ती ठरल्या दिवसाच्या सर्व्हिसिंगला लागलेली. राजनने दोन मिनिटं विचार केला आणि मोबाइल उचलून एक नंबर लावला.

तेवढ्यात जहूर आत आला. जहूर स्टोअर्सचा प्रमुख, रत्नागिरीचा, राजनहून आठ वर्षांनी मोठा आणि या ऑफिसात राजनशी मराठीत बोलणारा एकुलता एक माणूस.

"कोणाला लावलायस?"

"रियाधला. विचारून घेतो."

"अरे, तो गेला ना आपल्यातून."

"गेला, पण वेळापत्रक त्याने लावलेलं आहे, जहूरभाई. आपण परस्पर मोडलं तर वाईट दिसतं."

रियाधच्या माणसाने चौथ्या वेळी फोन उचलला, आपल्याला का विचारतोयस असं अगदी सभ्य शब्दांत विचारलं, आणि मग पाठव म्हणाला. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. तोवर लॉबीतल्या एका बाईंनी मालकांच्या नंबरावर तक्रार केलेली होती.

जहूरने काळ्या खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. "अकराशे दिरहमची आहे. सव्वीस हजार रुपये झाले. आणि तू हिच्यावर फाइलसुद्धा ठेवत नाहीस." मग आवाज खाली आणून तो ज्या कामासाठी आला होता ते बोलला. मॅनेजरच्या जागेसाठी बैरूतच्या एका माणसाचा अर्ज आला होता. शहनाझने, म्हणजे एचआरच्या बाईंनी, त्याचा कागद मालकांपुढे ठेवला होता. मालक म्हणाले होते, सोमवारी मॅच झाली की ठरवू.

आता ही मॅच काय ते सांगायला हवं. मालक हम्मादसाहेब तरुणपणी चार वर्षं अमेरिकेतल्या एका गारठलेल्या शहरात शिकायला होते. तिथून येताना त्यांनी इंजिनियरची पदवी आणली आणि तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघाचं वेड आणलं. पदवी फ्रेममध्ये गेली, वेड अजून चालू आहे. हा फुटबॉल आपला फुटबॉल नव्हे. यातला चेंडू सोललेल्या नारळासारखा लांबट असतो आणि पाय त्याला क्वचितच लागतो. सामने तिथल्या रविवारी दुपारी, म्हणजे इथल्या रविवारी रात्री होतात. साहेब लवकर झोपणारे. म्हणून सामना रेकॉर्ड होई आणि सोमवारी दुपारी मीटिंगच्या हॉलमध्ये साहेब तो मोठ्या पडद्यावर लावत. चार माणसांना मटण-भाताचं आमंत्रण असे: राजन, जहूर, शहनाझ आणि सेल्सचा नीरव. सोमवारी दुपारपर्यंत निकाल कोणी उच्चारायचा नाही, असा नियम होता. एका इजिप्शियन अकाउंटंटने एकदा उत्साहाच्या भरात स्कोअर सांगून टाकला होता. तो सध्या लांबच्या अल ऐनच्या गोदामात असतो.

सामना लावण्याआधी साहेब प्रत्येकाला विचारत, आज काय होईल? माणसाची पारख आपल्याला याच प्रश्नात होते, असं ते अभिमानाने सांगत. नीरव दर वेळी साहेबांच्या मनातलं उत्तर देई आणि त्याचा पगार दर वर्षी वाढे.

या आठवड्यात तर संघावर आभाळच कोसळलं होतं. संघाच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे सगळा खेळ चालवणाऱ्या मुख्य खेळाडूचा, गुडघा गेला होता आणि त्याच्या जागी बदली माणूस उतरणार होता. हॅस्कर नावाचा. वय चौतीस, त्यातली नऊ वर्षं बाकावर गेलेली. हा निभावणार नाही, असं साहेब बुधवारपासून दिसेल त्याला सांगत होते.

शनिवारी मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी राजन मुलीशेजारी सोफ्यावर बसला. ओवी नववीत होती आणि शाळेत याच खेळाचा मुलींचा प्रकार खेळायची, ज्यात कोणी कोणाला पाडत नाही, नुसती कमरेची पट्टी ओढतात. राजनने तिला विचारलं, हा क्वार्टरबॅक नेमकं करतो काय?

"ही गेट्स द बॉल अँड ही हॅज लाइक थ्री सेकंड्स, बाबा. तेवढ्यात ठरवायचं, हू टू थ्रो टू. एव्हरीवन इज वेटिंग फॉर हिम."

"आणि बदली माणूस?"

"ही होल्ड्स द टॅब्लेट. कडेला उभा राहून."

"नऊ वर्षं?"

"समवन हॅज टू, बाबा."

तिने त्याला हॅस्करच्या जुन्या चित्रफिती दाखवल्या. फार नव्हत्याच. एकीत तो मैदानाच्या कडेला उभा राहून मुख्य खेळाडूला पाण्याची बाटली देत होता आणि बाटली परत आली की तिचं झाकण नीट लावत होता. राजनला हा माणूस ओळखीचा वाटला. दुसऱ्या फितीत, सामना आधीच हरलेला असताना त्याला शेवटची दोन मिनिटं आत सोडलं होतं. चेंडू हातात आला की हॅस्कर मान वळवून बाकाकडे पाही आणि मग फेकी.

"सी? ही लुक्स ॲट द बेंच एव्हरी टाइम. बॅड हॅबिट."

"विचारून घेत असेल," राजन म्हणाला.

"कोणाला विचारणार? देअर्स नो टाइम!"

राजनला हे लागलं. हॅस्करच्या वतीने लागलं, असं त्याने स्वतःला सांगितलं.

त्याची बायको मंजुषा समोर मटार सोलत बसली होती. ती शाळेत गणित शिकवते आणि प्रत्येक अडचणीला एकच बरोबर उत्तर असतं अशी तिची श्रद्धा आहे. तिने विचारलं, साहेबांना काय वाटतं? नाही जमणार, असं वाटतं, राजन म्हणाला. मग तूही तेच म्हण, ती म्हणाली.

"पण मला तसं वाटत नाही."

"तुला काय वाटतं ते तो विचारत नाहीये, राजन. म्हणजे, विचारतोय. पण तू सांगायचं नाहीयेस." तिने एक शेंग फोडली. "अकरा वर्षं झाली. बैरूतवाल्यालाही किल्ली देऊन बाहेर येणार आहेस का? मला आता खरंच पाहवत नाही रे."

हे ती चिडून बोलली असती तर राजनला सोपं गेलं असतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली. राजनने उठून तिच्यासमोरच्या शेंगा घेतल्या आणि तोही सोलायला लागला.

सोमवारी सकाळी अकराला त्याच्या मोबाइलवर मंजुषाचा मेसेज आला. "हॅस्कर पडला. चार वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. २७-६ ने हरले. ओवीकडून खात्री करून घेतली आहे. सरळ 'नाही जमणार' म्हण. जेवण नीट जेव."

राजनने मोबाइल झटकन पालथा केला आणि वर एक फाइल ठेवली. प्रश्नपत्रिका फुटली तर ती वाचू नये, या मताची मंजुषाही होती, पण ते मत शाळेपुरतं होतं. वाचलेलं आता पुसता येत नव्हतं. त्याला भीती वाटली, मग चार वेळा म्हणजे जरा जास्तच झालं असं वाटलं, आणि मग एकदम त्या माणसाची दया आली. चौतिसाव्या वर्षी एकदाचं बोलावणं येतं आणि पहिल्याच दिवशी असं होतं.

दुपारी हॉलमध्ये मोठ्या ताटात मटण-भात आला. साहेबांनी पायघोळ पांढऱ्या कंदुऱ्याच्या बाह्या मागे सारल्या, रिमोट मांडीवर घेतला आणि आपल्या नेहमीच्या हिंदीत विचारलं, बोला, आपला बदली माणूस आज काय करेल?

नीरव म्हणाला, नो चान्स, सर. शहनाझने मांडीवरच्या फोल्डरवर हात ठेवला. त्यात बैरूतच्या माणसाचा कागद होता. ती म्हणाली की अनुभव मुख्य जागेवरचाच लागतो, शेजारी उभं राहून तो मिळत नाही. जहूरने अल्लाची मर्जी म्हणून हात वर केले आणि नळी फोडायला घेतली. साहेब राजनकडे वळले.

राजनच्या तोंडात घास होता. तो त्याने गरजेपेक्षा जास्त वेळ चावला.

"आज हरेल, सर," तो म्हणाला.

साहेबांनी मान डोलावली आणि रिमोट उचलला. इथे राजनने थांबायला हरकत नव्हती. मंजुषाने सांगितलेलं उत्तर देऊन झालं होतं.

"पण त्याला जमेल."

रिमोट खाली आला. "एका माणसाची दोन उत्तरं?"

"आज तो आधीच्या माणसाचा खेळ खेळेल, सर. नऊ वर्षं त्याने तोच पाहिलाय. दर वेळी बाकाकडे बघेल, मग फेकेल, आणि तेवढा उशीर नडेल. एकदा सपाटून पडला की त्याला कळेल, बाकावर आता विचारायला कोणी उरलेलं नाही. त्यानंतर जमेल. पण त्यासाठी पुढच्या रविवारी त्यालाच उतरवायला पाहिजे."

या हॉलमध्ये तो इतकं सलग कधी बोलला नव्हता. आपण कोणाबद्दल बोलतोय हे त्याला मध्येच कधीतरी कळलं आणि त्याचे कान तापले. जहूर नळी तशीच हातात धरून त्याच्याकडे बघत होता. साहेब पडद्याकडे वळले.

सामना सुरू झाला. निकाल माहीत असूनही राजनला उगीच आशा वाटत होती, ती त्याची त्यालाच चमत्कारिक वाटली. हॅस्करने पहिला चेंडू बरा फेकला. मग त्याने बाकाकडे पाहिलं. राजनने डोळे पडद्यावरून काढले, पुढचं त्याला पाहायचं नव्हतं. त्याची नजर साहेबांवर गेली, तर साहेबांनी ताकाचा ग्लास खाली ठेवून खिडकीकडे तोंड फिरवलेलं होतं. चेंडू अजून हॅस्करच्या हातात होता. मग तो सुटला, समोरच्या संघाने झेलला आणि नीरव कळवळून ओरडला.

योगायोग असेल, असं राजनला वाटलं. पण दुसऱ्यांदाही तसंच झालं. चेंडू सुटायच्या आधीच साहेब खजुरातली बी शोधायला लागले. तिसऱ्यांदा त्यांनी आधी उसासा टाकला आणि हॅस्करने नंतर चूक केली. चौथ्या वेळी राजनने पडद्याकडे पाहिलंच नाही. त्याने साहेबांकडे पाहिलं आणि साहेब त्याच्याचकडे बघत होते.

चार वाजता साहेब केबिनच्या दारात उभे राहिले. अकरा वर्षांत ते या केबिनमध्ये आल्याचं राजनला आठवत नव्हतं. तो धडपडून उठला. साहेबांनी उलटा फिरवलेला संगणक पाहिला, टेबलाच्या अलीकडे आणून रचलेल्या फाइली पाहिल्या, काळी खुर्ची पाहिली. मग ते राजनशेजारच्या, पाहुण्यांच्या दुसऱ्या खुर्चीत बसले. राजनही बसला. डॉक्टर यायची वाट बघणाऱ्या दोन पेशंटांसारखे ते दोघं रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून बसून राहिले.

"किसने बताया?" साहेबांनी विचारलं.

राजनला खोटं बोलणं सुचलं नाही. "मिसेसने, सर."

साहेबांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या मिसेसने रात्रीची मॅच बघायला बंदी केली होती, डॉक्टरांचंही तेच म्हणणं होतं. म्हणून गेली सहा वर्षं ते आवाज बंद करून दिवाणखान्यात एकटेच बघत. सोमवारचा सामना मग शिळाच. हे कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी राजनला बजावलं. राजनने मान हलवली.

नीरवलाही निकाल माहीत असतो, ते पुढे म्हणाले. शहनाझलाही, आणि जहूरलाही असणार. आपल्याला कधीपासून हा संशय आहे. मोबाइल सगळ्यांकडे आहे, कोणाकोणाला अल ऐनला पाठवणार? सगळे शहाण्यासारखे काल झालेलं आज ओळखून दाखवतात.

"लेकिन अगले संडे का किसी को मालूम नहीं," साहेब म्हणाले. "वो सिर्फ तू बोला."

साहेबांनी विचारलं, संघ तुझा असता तर खरंच पुन्हा त्यालाच उतरवलं असतंस? राजन हो म्हणाला. आणि पुन्हा पडला तर? राजन थोडा विचार करून म्हणाला, तर मग त्याच्या पुढच्या रविवारी. साहेब हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला, तेव्हा राजनने पाण्याची बाटली पुढे केली आणि ती परत आल्यावर झाकण नीट लावून ठेवली.

बैरूतच्या माणसाला यायला सहा आठवडे लागणार होते, साहेब उठत म्हणाले. त्याला अजून हो कळवलेलं नाही. तोवर हे सगळं राजनने चालवावं, आणि मेलखाली 'ॲक्टिंग' लिहू नये. मरीनातल्या बाईंची तक्रार आपल्यापर्यंत आली आहे, असल्या तक्रारी येणारच. फक्त रियाधच्या फोनचं बिल येऊ नये.

दाराशी ते थांबले. "वो कुर्सी किसकी है?"

"मॅनेजरची, सर."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. दुपारी चौथ्यांदा चेंडू गेला तेव्हा पाहिलं होतं, तसंच. मग ते निघून गेले.

टेबलावरचा मोबाइल उजळला. "काय म्हणालास?" मंजुषाने विचारलं होतं. त्याने लिहिलं, "तू सांगितलंस तेच. उत्तराखाली आणखी एक ओळ जोडली." त्यावर लगेच तीन प्रश्नचिन्हं आली, पण तेवढ्यात जहूर आत शिरला. मरीनातली लिफ्ट पुन्हा बंद पडली होती, आणि या वेळी आत एक माणूस आणि त्याचा कुत्रा होता.

"रियाधला लावू का फोन?" जहूरने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. इतक्या वर्षांत त्यालाही तीच सवय लागली होती.

राजन टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि काळ्या खुर्चीत बसला. खुर्ची मँचेस्टरच्या मापाने लावलेली होती, त्याचे पाय जमिनीला टेकेनात. त्याने बुडाखाली चाचपून सापडली ती दांडी दाबली. खुर्चीने एक लांब सुस्कारा टाकला आणि ती त्याला घेऊन थेट तळाला गेली. आता त्याची हनुवटी टेबलाच्या कडेला आली होती आणि समोर संगणकाची पाठ होती.

"अल बर्शाची टीम उचला," तो तिथूनच म्हणाला. "तिथलं सर्व्हिसिंग उद्या."

"आणि अल बर्शावाल्यांनी बोंब मारली तर?"

"माझ्या नावाने मारू देत."

जहूरने टेबलावर दिसणाऱ्या त्या डोक्याकडे जरा वेळ पाहिलं. "दांडी वर ओढ, म्हणजे वर येशील," तो म्हणाला.

"ओढतो. तुम्ही आधी फोन लावा."

जहूर नंबर लावत बाहेर गेला. राजनने हात लांब करून संगणक आपल्याकडे फिरवून घेतला.